शस्त्रक्रियेनंतरची मळमळ : सोसण्यापेक्षा सांगणे हिताचे

शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाच्या घरात अनेक प्रश्नांची चर्चा सुरू होते. खर्च किती येईल, टाके किती पडतील, रुग्णालयात किती दिवस काढावे लागतील, कामावर केव्हा रुजू होता येईल. ज्यांची पूर्वी एखादी शस्त्रक्रिया झालेली असते, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात मात्र वेगळीच धास्ती घर करून असते. भूल उतरल्यावर रात्रभर झालेल्या उलट्या, प्रत्येक उमाळ्यासरशी पोटावरच्या ताज्या टाक्यांना बसलेला ताण आणि वेदनाशामक इंजेक्शनानंतर आलेली गरगर त्यांच्या चांगलीच लक्षात राहिलेली असते. 'कापलेले परवडले, पण त्या उलट्या नकोत,' असे म्हणणारे रुग्ण दुर्मीळ नाहीत.

ही धास्ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. सिझेरियननंतर उलट्यांनी हैराण झालेल्या एखाद्या स्त्रीला पुढे पित्ताशयात खडे असल्याचे निदान होते. पोटदुखीचे झटके येत असूनही ती पथ्यपाण्यावर दिवस ढकलत राहते आणि शस्त्रक्रिया लांबणीवर टाकते. एखाद्या दिवशी खडा पित्तनलिकेत अडकतो, कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते. मग जी शस्त्रक्रिया सवडीने आणि तयारीनिशी झाली असती, ती अधिक धोका पत्करून करावी लागते. वास्तविक मळमळीचा धोका कोणाला अधिक आहे हे आज बऱ्याच अंशी आधी ओळखता येते आणि तो कमी करण्याचे मार्गही उपलब्ध आहेत. त्यासाठी रुग्णाचा पूर्वानुभव भूलतज्ज्ञापर्यंत वेळेवर पोहोचणे आवश्यक असते.

मळमळ होते कशी?

ही तक्रार भूलशास्त्राइतकीच जुनी आहे. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांत इंग्लंडमधील डॉ. जॉन स्नो यांनी भुलेनंतरच्या उलट्यांविषयी लिहिले होते. आजची औषधे ईथरपेक्षा कितीतरी सौम्य आहेत. तरीही प्रतिबंधक उपाय न केल्यास शस्त्रक्रिया झालेल्या साधारण १०० पैकी ३० रुग्णांना हा त्रास होतो आणि अधिक धोका असलेल्या गटात हे प्रमाण ७० ते ८०पर्यंत जाते.

मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असतो. तेथे रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक पडदा विरळ असल्याने रक्तातील विषारी किंवा अपरिचित द्रव्यांची चाहूल त्याला लगेच लागते. भुलेचे काही वायू आणि मॉर्फिनसारखी अफूवर्गीय वेदनाशामके या भागाला चेतवतात. आतड्यातून सुटणारे सेरोटोनिन हे रसायन मज्जातंतूंमार्फत मेंदूला असाच संदेश देते. तिसरा संदेश आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येतो. अफूवर्गीय औषधांमुळे ही यंत्रणा अधिक संवेदनशील होते. म्हणूनच निपचित पडलेल्या रुग्णाला बरे वाटत असते आणि त्याला कुशीवर वळवताच किंवा स्ट्रेचर हलवताच उलटी होते. एकच औषध सर्वांना पुरेसे का पडत नाही, याचे उत्तर या निरनिराळ्या वाटांमध्ये आहे.

'गाडी लागते का?'

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ कधीकधी 'घाटात गाडी लागते का?' असे विचारतात. अनेकांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटतो, पण त्यामागे शास्त्रीय आधार आहे. जर्मनीतील डॉ. ख्रिस्तियान आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मळमळीचा धोका वर्तवण्याची एक सोपी पद्धत मांडली. तिच्यात चारच गोष्टी पाहिल्या जातात. रुग्ण स्त्री आहे का, ती व्यक्ती धूम्रपान न करणारी आहे का, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या होत्या का किंवा गाडी लागते का, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणार आहेत का. यांपैकी एकही गोष्ट लागू नसेल तर धोका सुमारे १० टक्के असतो. एक, दोन, तीन आणि चारही गोष्टी लागू असल्यास तो अनुक्रमे सुमारे २०, ४०, ६० आणि ८० टक्क्यांवर जातो. (धूम्रपान करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, यावरून कोणी सिगारेट ओढण्याचे समर्थन काढू नये. भुलेत फुप्फुसांना होणारा तिचा अपाय कितीतरी मोठा आहे.)

भारतीय शहरांतील बहुसंख्य स्त्रिया धूम्रपान करीत नाहीत. म्हणजे या मोजपट्टीवर त्यांच्या दोन खुणा आधीच झालेल्या असतात. त्यात गाडी लागण्याची सवय आणि पित्ताशयाची किंवा गर्भाशयाची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया यांची भर पडली, तर उपाययोजना आधीच ठरवणे शहाणपणाचे ठरते.

उपाय कोणते?

आप्फेल यांच्याच पुढाकाराने झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथॅसोन आणि ड्रोपेरिडॉल या तीन औषधांपैकी प्रत्येकाने मळमळीचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो आणि ती एकत्र दिल्यास प्रत्येकाचा परिणाम स्वतंत्रपणे मिळत जातो, असे तीत दिसून आले. वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन भूल कायम ठेवल्यासही धोका घटतो. म्हणून अधिक धोका असलेल्या रुग्णांना निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन औषधे आधीच देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.

या औषधांनाही मर्यादा आहेत. डेक्सामेथॅसोनने रक्तातील साखर वाढू शकते, ऑनडॅनसेट्रॉनने डोकेदुखी व बद्धकोष्ठता होऊ शकते, तर मेटोक्लोप्रमाइडने विशेषतः तरुण रुग्णांमध्ये अस्वस्थता किंवा मानेचे व जबड्याचे स्नायू आखडणे असे प्रकार घडू शकतात. मधुमेह, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा पूर्वी अशा औषधांचा झालेला त्रास सांगणे म्हणूनच आवश्यक असते.

ॲलर्जी की दुष्परिणाम?

वेदनाशामकांच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ या प्रश्नावर होतो. ट्रामाडॉल घेतल्यावर उलट्या झाल्या की रुग्ण 'मला पेनकिलरची ॲलर्जी आहे' असे सांगतो आणि केसपेपरवर तशी नोंद होते. मळमळ, गुंगी, चक्कर, बद्धकोष्ठता आणि पोटातील जळजळ हे औषधांचे दुष्परिणाम आहेत. मात्रा कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरे औषध देऊन ते आटोक्यात आणता येतात. मॉर्फिननंतर अंगाला सुटणारी खाजही बहुधा त्या औषधाच्या थेट परिणामामुळे असते. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, छातीत घरघर होऊन श्वास कोंडणे, रक्तदाब एकदम खाली जाणे ही मात्र खऱ्या ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. असे औषध पुन्हा घेणे जीवावर बेतू शकते.

हा फरक न केल्यास दोन्ही बाजूंनी नुकसान होते. साध्या मळमळीला ॲलर्जी म्हटले तर उपयुक्त औषधांचा एक संपूर्ण गट रुग्णाला बंद होतो. उलट खरी ॲलर्जी 'सोसले नाही' एवढ्यावर सोडून दिली, तर पुढच्या वेळी धोका संभवतो.

दमेकऱ्यांनी याबाबत विशेष सावध असावे. काही प्रौढ दमेकऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या नाकात पॉलिप वाढतात त्यांना, ॲस्पिरिनने दम्याचा तीव्र झटका येतो. अशा रुग्णांना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकनेही तोच त्रास होण्याची शक्यता असते, कारण ही औषधे शरीरातील एकाच प्रक्रियेला रोखतात. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉल त्यांना बहुधा चालते. एटोरिकॉक्सिबसारखी औषधेही पुष्कळांना सोसतात, मात्र त्यांची पहिली मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी. पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतानाही हा गट जपूनच वापरावा लागतो.

एकच औषध दोघांना वेगळ्या प्रकारे का बाधते, याचे एक कारण आनुवंशिक आहे. कोडीन व ट्रामाडॉल यांचे यकृतात अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. ज्या विकरामुळे हे घडते ते काहींत फार वेगाने, तर काहींत अत्यंत मंद गतीने काम करते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेनेही एखाद्याला अतिरिक्त गुंगी येते, तर दुसऱ्याचे दुखणे मुळीच थांबत नाही. याच कारणास्तव अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली १२ वर्षांखालील मुलांना ही औषधे वेदनेसाठी न देण्याचा इशारा दिला. अपस्माराचे रुग्ण आणि नैराश्यावरील काही गोळ्या घेणारे रुग्ण यांनाही ट्रामाडॉल धोक्याचे ठरू शकते.

वेदना सोसणे हा उपाय नव्हे

उलट्यांच्या भीतीने काही रुग्ण 'वेदनाशामक नकोच' असा हट्ट धरतात. आपल्याकडे सोसण्याचे कौतुक असल्याने घरचेही त्याला दुजोरा देतात. परंतु तीव्र वेदनेनेही मळमळ होते. शिवाय दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, अंथरुणातून उठत नाही. यातून छातीत कफ साठून जंतुसंसर्ग होण्याची आणि पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते.

त्यामुळे अफूवर्गीय औषधांची गरज कमी करणे हा अधिक चांगला मार्ग ठरतो. पॅरासिटामॉल, प्रकृतीला चालत असल्यास डायक्लोफेनॅकच्या गटातील औषध, जखमेच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन आणि हातापायांच्या शस्त्रक्रियेत सोनोग्राफीच्या मदतीने नसांभोवती दिलेले बधिरतेचे औषध यांची सांगड घातली, तर मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल थोडक्यात भागते. शक्य तेथे पूर्ण भुलेऐवजी पाठीतील इंजेक्शनाचा पर्याय निवडता येतो. मात्र त्यातही रक्तदाब उतरल्यास मळमळ होऊ शकते, हे रुग्णाने लक्षात ठेवावे.

तपासणीच्या वेळी काय सांगावे?

शस्त्रक्रियेची तारीख ठरताच भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी. जुनी डिस्चार्ज कार्डे आणि भुलेच्या नोंदी सोबत न्याव्यात. त्रास कोणत्या औषधाने झाला, किती वेळाने झाला, किती काळ टिकला आणि कशाने थांबला, हे एका कागदावर लिहून न्यावे. औषधाचे केवळ व्यापारी नाव पुरेसे नसते. एकाच गोळीत दोन-तीन घटक असू शकतात, म्हणून वेष्टनावरील मूळ घटकांची नावे टिपून घ्यावीत. चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे आणि चूर्णेही सांगावीत. वजन किंवा मधुमेह यांसाठी सेमाग्लुटाइड, टिरझेपटाइड यांसारखी इंजेक्शने घेणाऱ्यांनी ते लपवू नये. या औषधांमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

आदल्या रात्रीपासून कडक निर्जळी पाळण्याची सर्वांनाच गरज नसते. प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार हलका आहार ६ तास आणि साधे पाणी २ तास आधीपर्यंत बहुतेकांना चालते. शरीर कोरडे पडल्यास मळमळ वाढते. तथापि आपल्याबाबत नेमकी वेळ कोणती, हे भूलतज्ज्ञांकडूनच निश्चित करून घ्यावे.

घरी परतताना आणि परतल्यावर

अनेकांना रुग्णालयात बरे वाटते आणि घरी जाताना गाडीत उलटी होते. गाडीत पुढच्या बाजूला बसावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये, सोबत एक पिशवी ठेवावी. घरी सुरुवातीला पाणी, नारळपाणी, पेज असे पदार्थ घोट-घोट घ्यावेत; ते टिकल्यावर मऊ भात किंवा मुगाची खिचडी खावी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. उठताना आधी काही वेळ अंथरुणावर बसावे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, आतल्या बाजूस दोन स्नायुबंधांच्या मध्ये असलेल्या बिंदूवर दाब दिल्याने मळमळ कमी होत असल्याचे अनेक चाचण्यांत आढळले आहे. हा उपाय निरुपद्रवी असल्याने औषधांच्या जोडीला करून पाहण्यास हरकत नाही. निरनिराळ्या गोळ्यांतून पॅरासिटामॉलची मात्रा नकळत दुप्पट होणार नाही, याकडे लक्ष द्यावे. प्रौढांसाठी दिवसभरात ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ती त्याहून कमी ठेवावी लागते.

उलट्या दिवसभर थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, लघवी फारच कमी होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळसर रंग दिसला अथवा पोट फुगून वायू सरत नसेल, तर शल्यविशारदांना विनाविलंब कळवावे. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा चेहऱ्यावर सूज येऊन दम लागत असेल, तर तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधून रुग्णालय गाठावे.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट आवर्जून करावी. या वेळी कोणती भूल दिली, कोणत्या औषधांनी त्रास झाला आणि कोणती सोसली, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी व ते कार्ड जपून ठेवावे. पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आली, तर 'मागच्या वेळी फार त्रास झाला होता' एवढ्या आठवणीपेक्षा कार्डावरच्या त्या दोन ओळी भूलतज्ज्ञाच्या अधिक उपयोगी पडतील.