वर्ध्याची दारूबंदी आणि संध्याकाळची बैठक

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत उंची कॉकटेल बार हे सुस्थित नोकरदारांच्या संध्याकाळचे एक परिचित ठिकाण बनले असले, तरी वर्धा जिल्ह्यात असा एकही बार कायद्याने उघडता येत नाही. सेवाग्राम आणि पवनार या आश्रमांच्या भूमीचा मान म्हणून या जिल्ह्यात १९७०च्या दशकाच्या मध्यापासून संपूर्ण दारूबंदी लागू असून, परमिट रूमसाठी लागणारा ‘एफएल-३’ परवाना असो, देशी दारूच्या दुकानाचा असो की बिअर शॉपीचा, येथे कोणालाही दिला जात नाही. परिणामी ज्याला कॉकटेलची संध्याकाळ अनुभवायची असेल, त्याला सुमारे पाऊणशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते किंवा वर्धा नदी ओलांडून शेजारच्या जिल्ह्यात जावे लागते. ही स्थिती केवळ कायद्याच्या अंगाने न तपासता, बारमध्ये माणसे नेमके काय शोधायला जातात आणि ते वर्ध्यात त्यांना दुसरीकडे कोठे मिळते का, असा प्रश्न विचारला, तर येथील दारूबंदीचे मूल्यमापन अधिक न्याय्य रीतीने करता येते.

कॉकटेल म्हणजे ठरावीक प्रमाणात केलेले मिश्र पेय होय. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने त्याची व्याख्या करताना मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स असे चार घटक सांगितले होते; बिटर्स म्हणजे कडू मुळे, साली आणि मसाले मद्यार्कात मुरवून काढलेला तीव्र अर्क, जो थेंबांनीच मोजला जातो. बारटेंडर लहानशा धातूच्या मापाने तीस किंवा साठ मिलिलिटर मद्य मोजून घेतो, त्यात लिंबाचा रस आणि साखरेचा पाक घालतो आणि बर्फासह बंद शेकरमध्ये दहा-पंधरा सेकंद जोराने हलवतो. या अल्पावधीत पेय गोठणबिंदूच्या आसपास थंड होते, त्यात हवेचे बारीक बुडबुडे मिसळतात आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी उतरून मद्याचा जहालपणा सौम्य होतो. रस नसलेली पेये मात्र गढूळ होऊ नयेत म्हणून हलवण्याऐवजी लांब चमच्याने ढवळली जातात. हे कौशल्य खरे आहे, आणि ते मूलतः आंबट, गोड, कडू, थंडावा व पाणी यांचा तोल साधण्याचे कौशल्य आहे.

कॉकटेलच्या इतिहासात दारूबंदीलाही मोठे स्थान आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी असताना चोरून गाळलेल्या कच्च्या मद्याचा उग्रपणा झाकण्यासाठी त्यात फळांचे रस, मध आणि साखर मिसळण्याचे प्रमाण वाढले. त्याच काळात कुशल बारटेंडर युरोपात गेले आणि त्यांच्यापैकी हॅरी क्रॅडॉक यांचे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील कृतींचे पुस्तक १९३० साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील हार्बर बार सुरू झाला, तो अमेरिकेतील बंदी उठली त्याच वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये. मुंबई इलाख्यातील दारूबंदीचा इतिहास यानंतर घडला. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली संमत झाला, १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि १९६०च्या दशकात परवाना पद्धतीने ती शिथिल करण्यात आली. आजही महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी कायद्याने परवाना आवश्यक असून, बिअर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यांसाठी २५ वर्षे ही किमान वयाची अट आहे.

वर्धा जिल्ह्यात कायदा याहून कडक असला, तरी दारू नाहीशी झालेली नाही. स्थानिक वृत्तपत्रांतून ‘मोहा सडवा नष्ट’ अशा बातम्या वारंवार येतात, यावरून बंदीच्या आड चालणाऱ्या व्यवहाराची कल्पना येते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली गळून पडतात. ती वेचून, वाळवून आणि पाण्यात काही दिवस आंबवून जो रस तयार होतो त्याला सडवा म्हणतात. हातभट्टीवर हा सडवा बंद भांड्यात तापवला जातो आणि त्याची वाफ नळीतून नेऊन गार पाण्याने थंड केली की दारू गळू लागते. आंबण्याची क्रिया लवकर व्हावी म्हणून गूळ आणि नवसागर घातला जातो, आणि नफ्याच्या हव्यासापोटी त्याहून घातक पदार्थही मिसळले जाण्याचा धोका असतो. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसे दगावली. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होऊन प्रथम दृष्टी आणि नंतर जीव जाऊ शकतो. असे विष मिसळलेली दारू ज्यांच्या पोटात जाते ते बहुतेक मजूर असतात, ही बाब विसरता येत नाही.

मोहाच्या बाबतीत एक विषमता ठळकपणे दिसते. गोंड समाजात मोहाला देवकार्यात आणि जन्म-विवाह-मृत्यूच्या विधींत स्थान आहे. तरीही मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर दीर्घकाळ निर्बंध राहिले, आणि फुले वेचणारा आदिवासी संशयाच्या नजरेने पाहिला गेला. दुसरीकडे २०१८ साली गोव्यात मोहाचे मद्य आकर्षक बाटलीत बाजारात आले, पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या एका डिस्टिलरीनेही तसे उत्पादन सुरू केले आणि आता महानगरांतील बारटेंडर मोहापासून कॉकटेल बनवू लागले आहेत. एकाच फुलाचे मद्य एका ठिकाणी गुन्हा आणि दुसऱ्या ठिकाणी वारसा ठरते, तेव्हा दोहोंतील फरक बहुतांशी पिणाऱ्याच्या ऐपतीचा असतो. अर्थात ऐपतीमुळे शरीराचे नियम बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केल्याप्रमाणे मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही. आणि नागपूरहून रात्री परतणाऱ्या वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो मोटार वाहन कायद्याने गुन्हेगार ठरतो, मग ते मद्य कितीही उंची असो.

गांधीजींच्या विचारात बंदी हा कामाचा केवळ एक भाग होता. १९४१ साली लिहिलेल्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत दारूबंदीचा विचार मांडताना त्यांनी थकलेल्या मजुराला विसावा मिळेल, स्वस्त व आरोग्यदायी खाणेपिणे मिळेल आणि योग्य ते खेळ खेळता येतील अशी विरंगुळ्याची ठिकाणे उघडावीत, असे सुचवले होते. माणूस गुत्त्याकडे किंवा बारकडे केवळ नशेसाठी जात नाही, तर दिवसभराच्या कष्टानंतर बसायला जागा, सोबतीला चार माणसे आणि हातात काहीतरी चवदार हवे म्हणूनही जातो, ही जाण त्या सूचनेमागे आहे. वर्ध्यात या विचाराला अनुरूप असे कामही झाले होते. १९३४ च्या डिसेंबरमध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र मगनवाडी येथे होते, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत, आणि गजानन नाईक यांनी नीरा व ताडगूळ यांच्या उद्योगाला वाहून घेतले होते. शिंदीच्या झाडाचा रस आतून चुना लावलेल्या मडक्यात रात्रभर गोळा करून गार असतानाच उतरवला, तर तो गोड, मद्यार्करहित नीरा असतो. ऊन लागून तो आंबला की नशा आणणारी शिंदी तयार होते. पेय आणि व्यसन यांच्यातले अंतर येथे काही तासांचे आणि थोड्या निगुतीचे आहे.

विरंगुळ्याची पर्यायी ठिकाणे उभी करण्याचा, दारूबंदीचा हा दुसरा भाग मात्र जिल्ह्यात अपुरा राहिला आहे. गावागावांतील महिला मंडळांनी भट्ट्या बंद पाडण्यासाठी मोठे धैर्य दाखवले, घराघरांतील मारहाण आणि उपासमार यांपासून अनेक संसार त्यामुळे वाचले, आणि म्हणूनच बंदी उठवावी हा निष्कर्ष मान्य करण्याजोगा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी अवैध विक्री आणि गुन्हेगारी ही कारणे देऊन २०२१ मध्ये उठवण्यात आली. याउलट १९९३ पासून बंदी असलेल्या गडचिरोलीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावसंघटना आणि व्यसनमुक्ती उपचार यांची जोड देण्याचा मार्ग स्वीकारला. वर्ध्याने गडचिरोलीचा मार्ग धरावा आणि त्यात संध्याकाळच्या बैठकीचीही भर घालावी. आर्वी, आष्टी आणि कारंजा भागातील संत्री, अंबाडीच्या फुलांचे सरबत, कैरीचे पन्हे, समुद्रपूर तालुक्यातील भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद आणि हंगामातली ताजी नीरा एवढे साहित्य हाताशी असताना, शेकरचे तेच कौशल्य मद्याविना वापरून उत्तम पेये करता येतील. मात्र त्यांचा दर मजुराला परवडणारा असावा आणि स्त्रियांनाही तेथे निर्धास्तपणे बसता यावे.

ग्रामपंचायती, बचत गट आणि महाविद्यालये यांनी प्रत्येक मोठ्या गावात असे एखादे ठिकाण रात्री दहापर्यंत चालवून पाहावे. दारूचे दुकान बंद करणे हे शासनाचे काम असले, तरी त्याच्या जागी माणसांना एकत्र बसता येईल असे काही उभे करणे हे समाजाचे काम आहे, आणि ते हाती घेतल्याशिवाय वर्ध्याची दारूबंदी पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.