बाळंतिणीची खोली

बाळंतिणीच्या खोलीत आम्हा मुलांना प्रवेश नसे. दाराच्या फटीतून भाजलेल्या ओव्याचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास येई, आतून मावशीचे हळू आवाजातले बोलणे ऐकू येई, आणि आजी हातात गरम पाण्याचे तपेले घेऊन आतबाहेर करीत असे. आम्ही अंगणातल्या आंब्याखाली बसून तर्क करीत असू. सव्वा महिना लोटला म्हणजे मावशी बाळाला घेऊन ओटीवर येई, तेव्हा ती आम्हांला उजळ आणि किंचित परकी वाटे. पुढे मी स्वतः दोनदा त्या खोलीत राहिले आणि तेव्हा मला कळले की त्या बंद दारामागे जे चालते त्यातले काही अमूल्य आहे आणि काही निव्वळ घातक आहे. आपल्या घरांतून आज दोन्ही सरसकट टाकली जात आहेत किंवा दोन्ही सरसकट पाळली जात आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या सव्वा महिन्याविषयी. आपले पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात काय होते याची मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या जुन्या दफ्तरांतून थोडीफार कल्पना येते. त्या नोंदवह्यांत माणसाचा क्रमांक आहे, बापाचे नाव आहे, वय, उंची, जात, गाव आहे. नंतरच्या काळातल्यांत छायाचित्रही आहे. बाईचे बाळंतपण कोणी केले, तिला किती दिवस विसावा मिळाला, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम मळ्यांवर होता हे सर्वश्रुत आहे. अशा ठिकाणी सव्वा महिना घरात बसणे ही केवढी चैन असेल! माझ्या आजीची आजी बाराव्या दिवशी कमरेला फडके बांधून उसातले तण काढायला गेली असे आमच्या घरात सांगतात. म्हणूनच आजी आपल्या लेकीसुनांच्या सव्वा महिन्याच्या बाबतीत इतकी कठोर होती. जे तिच्या आजीला मिळाले नाही ते ती व्याजासह वसूल करीत होती, असे मला आता वाटते.

आजीचे स्वतःचे एक बाळंतपण १९६० सालच्या फेब्रुवारीअखेर, कॅरोल वादळात झाले. वादळाचा डोळा बेटावरून सरकत असता वारा पडला, त्या अवधीत आजोबा धावत जाऊन चार घरे पलीकडच्या दाईला घेऊन आले. छपराचा निम्मा गवताचा भाग तोवर गेलेला होता. दाईने पहिली गोष्ट केली ती ही की, चुलीतला विस्तव वाचवला आणि त्यावर पाणी ठेवून नाळ कापायचे पाते उकळले. ती लिहिणे-वाचणे शिकलेली नव्हती. व्हिएन्नाच्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ साली हात धुण्याचा आग्रह धरून सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायका वाचवल्या, हे तिला ठाऊक असणे शक्य नव्हते. पण तिच्या हातून सुटलेल्या बायकांना ताप येत नसे अशी तिची ख्याती होती. माझा मामा त्या दिवशी जन्मला. आजही घरात त्याला सिक्लोन म्हणतात.

ती दाई गेली आणि तिची विद्याही गेली. आज आपल्या बेटावर जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयांत होतात, सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य होतात, आणि याचा आपणांस आनंदच असला पाहिजे. परंतु रुग्णालय प्रसूतीचे काही दिवस सांभाळते. त्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे सहा आठवडे घरचेच असतात.

सातवा महिना लागला म्हणजे आपल्याकडे ओटी भरण्याची आणि डोहाळजेवणाची गडबड सुरू होते. हिरवे पातळ, फुलांचे दागिने, पंगत, फोटो. हे सर्व व्हावेच. पण याच सुमारास पाऊले सुजतात, छातीत जळजळते, रात्री कूस बदलता येत नाही, पाठ दुखते, आणि या साऱ्याला वडीलधाऱ्या बायकांकडे एकच उत्तर असते: असे व्हायचेच. बहुतेक वेळा ते खरेही असते. थोडे थोडे खावे, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, संध्याकाळी पाय उशीवर उंच ठेवावे, आणि झोपताना कुशीवर झोपावे. उताणे निजल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. मध्यरात्री जाग येऊन आपण उताण्या आहोत असे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कुशीवर वळावे आणि पुन्हा झोपावे. लोहाच्या गोळ्या आपल्या बायका व्हॅनिलाच्या चहाबरोबर घेतात. तसे करू नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तासाभराने प्यावा.

मात्र ‘असे व्हायचेच’ या वाक्याने आमच्या घरात एकदा मोठा घात होता होता टळला. माझी धाकटी जाऊ आठव्या महिन्यात होती. दोन दिवस तिचे डोके ठणकत होते आणि बोटांतली अंगठी निघेना इतके हात सुजले होते. सासूबाईंनी उष्णता म्हणून जिऱ्याचे पाणी दिले. मीही, शिकलेली असून, पाय तर सर्वांचेच सुजतात असे म्हणून शाळेला निघून गेले. संध्याकाळी परतले तेव्हा ती ओटीवर बसली होती. “ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात हो,” ती म्हणाली, “आणि इथे बरगडीखाली दुखतंय.” शेजाऱ्यांच्या मोटारीतून आम्ही तिला रुग्णालयात नेले. रक्तदाब इतका चढला होता की झटके येण्याचे भय होते. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून मुलगी काढावी लागली. मुलगी आठ महिन्यांची, मुठीएवढी. आज ती माध्यमिक शाळेत आहे आणि माझ्याशी वाद घालते. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शिक्षकांच्या बैठकीला थांबले असते तर काय झाले असते, हा विचार अद्याप मला सोडीत नाही.

तेव्हा भगिनींनो, एवढे पाठ करून ठेवा. न थांबणारी डोकेदुखी, नजरेपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, यांपैकी एकही दिसल्यास उद्याची वाट पाहू नये. हा विकार बाळंतपणानंतरही कित्येक दिवस डोके वर काढू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. रक्त जाणे, पाणी सुटणे, अंगात ताप भरणे, यांनाही हाच नियम. पाणी सुटले आणि कळा नसल्या तरी निघावे. आणखी एक. दिवस भरत आले म्हणजे पोटातले मूल विसावते, हालत नाही, असे आपल्या म्हाताऱ्या सांगतात. हे खरे नव्हे. जागा कमी पडते म्हणून हालचालीचा धाटणी-ढंग बदलतो, पण हालचाल शेवटपर्यंत राहते. ती मंदावली असे आईला वाटले की तिने रुग्णालय गाठावे. कोणी हसले तरी हसू द्यावे.

तयारीत पिशवीचे महत्त्व सगळे सांगतात. आपल्या बेटावर त्यात वादळाची भर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जिचे दिवस भरतात तिच्या घरच्यांनी रेडिओकडे कान ठेवावा. तिसऱ्या वर्गाचा इशारा लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे की आधीच दाखल व्हायचे काय. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या; अशा दिवशी कळा सुरू झाल्यास शेजाऱ्याची मोटार काय कामाची? पिशवीत तपासणीचे कागद सर्वांत वर ठेवावेत. सुती कपडे, घड्या, बाळाची दुपटी ठेवावीत, आणि क्यूरपीप-वाकवासारख्या उंच भागात जुलै-ऑगस्टचे बाळंतपण असल्यास लोकरीची टोपी. किनाऱ्यावरच्या फेब्रुवारीत तीच टोपी बाळाला उकडून काढते.

आता पुन्हा त्या खोलीत जाऊ. आजीच्या काळी तिथे बाजेखाली कोळशाची शेगडी असे, खिडक्या बंद असत आणि बाळंतिणीला पाणी मोजून मिळे. बंद खोलीतला कोळशाचा धूर विषारी असतो आणि त्या विषाला वासही नसतो. शेगडी आणि धुरी कायमची बाहेर काढावी. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी तोडणे हा तर उघड जुलूम होय. पोट घट्ट बांधणे, दिवसभर पडून राहणे यांचेही तसेच. शस्त्रक्रिया झाली असल्यास जखमेवर ताण पडतो, आणि निजून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होऊ शकतात; डॉक्टर सांगतील तेव्हा उठून थोडे चालावे. विश्रांती म्हणजे कामातून सुटका. तेल मात्र लावावे. टाके भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, कोमट तेलाने मावशीने पाठ चोळून दिली म्हणजे काय सुख होते ते ज्यांना मिळाले आहे त्यांनाच ठाऊक.

बाळाच्या बाबतीत आजीचे आणि माझे कधीच जमले नाही. पहिला पिवळसर चीक काढून टाकायचा आणि बाळाला बोटाने मध चाटवायचा, अशी तिची रीत. चीक हीच बाळाला आईकडून मिळणारी पहिली लस. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा. एक वर्ष होईतो मध वर्ज्य, कारण त्यातून तान्ह्या मुलांस गंभीर विषबाधा होऊ शकते. क्रिओल शेजारणी मोठ्या प्रेमाने तांबावची तिझान आणून देतात. त्यांचे आभार मानावेत आणि पेला बाजूला ठेवावा. नाळेवर हळद नको, राख नको. ती कोरडी ठेवावी, आपोआप गळून पडते.

खाण्यापिण्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे आपली जुनी रीत आणि आपला नवा रोग समोरासमोर येतात. आळिवाचे आणि डिंकाचे लाडू, तूपगूळ घातलेला शिरा, खारीक-खोबरे हे अन्न त्या बाईसाठी होते जी बाराव्या दिवशी उसात वाकणार होती आणि जिच्या पोटात एरवी भाताखेरीज फारसे काही पडत नव्हते. तिची पणती आज कार्यालयात खुर्चीवर बसते. १९८७ साली आपल्या बेटावर मधुमेहाची पहिली मोठी पाहणी झाली तेव्हाच प्रमाण चिंताजनक आढळले होते. २०२१ च्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकाला हा रोग दिसून आला. ज्या साखरेसाठी आपले पूर्वज समुद्र ओलांडून आले तीच आपल्या रक्तात उतरली, असे माझे वडील विषादाने म्हणत. गर्भारपणात जिची साखर वाढली होती तिने दिवसाला चार लाडू खाणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय. बाळंतपणानंतर साखर उतरते, घरचे निश्चिंत होतात, आणि पुढली तपासणी राहून जाते. ती दीड ते तीन महिन्यांत करावी आणि पुढेही नियमाने करीत राहावी, कारण अशा बाईला काही वर्षांनी मधुमेह जडण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो.

लाडू बंद करा असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर आजी स्वर्गातून खाली येईल. लहान वळावे, गूळ कमी घालावा, एक खावा. लोहासाठी आपल्या परसातच उत्तम वस्तू आहे. शेवग्याचा पाला आपल्या कोकणातल्या पणज्या बाळंतिणीला देत, आणि इथे क्रिओल शेजारीही ब्रेद मुरूम म्हणून तोच पाला बाळंतिणीला रांधून घालतात. दोन निरनिराळ्या समुद्रांवरून आलेल्या बायकांचे ज्या एका भाजीवर एकमत झाले ती भाजी सोडू नये. डाळ, मासे, अंडी, शेपू, बाजरी मिळाल्यास भाकरी, आणि भरपूर पाणी.

एका गोष्टीविषयी आजीही बोलत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला उगाच रडू येते. ते बहुधा आठ-पंधरा दिवसांत सरते. न सरल्यास, झोप उडाल्यास, बाळाकडे पाहावेसेच वाटत नसल्यास, ती ‘बाधा’ नव्हे आणि नखराही नव्हे. तिला डॉक्टरांकडे न्यावे. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मी दोन महिने अशी होते. सगळे म्हणत, मुलगा झाला तरी हिला काय कमी आहे? माझ्या आईने मात्र काही न विचारता रोज दुपारी येऊन बाळाला उचलले आणि मला दोन तास झोपू दिले. औषधही लागले, पण त्या दोन तासांवाचून ते लागू पडले असते असे मला वाटत नाही.

आणि इथेच आपली खरी अडचण आहे. आजीच्या वेळी एका अंगणात चार चुली होत्या. आता मुलगी एका गावात, आई दुसऱ्या गावात नोकरीवर, सासू दुकानावर. सव्वा महिना सांभाळणार कोण? माझ्या भाचीचे दिवस येत्या जानेवारीत भरतात. ती आताच हसून म्हणाली, “मावशी, मला शेगडी नको, पण तुम्ही सगळ्या हव्यात.” तेव्हा आम्ही एका शाळेच्या वहीत आठवड्याचे कोष्टक आखले आहे. सकाळी तिची आई. शाळा सुटल्यावर मी. शनिवारी माझी जाऊ, जिची ती मुठीएवढी मुलगी आता बाळाला घेऊन बसण्याएवढी मोठी आहे. कोणी पाहुणा रिकाम्या हाताने येऊ नये, डबा आणावा आणि अर्ध्या तासात उठावे, असेही त्यात लिहिले आहे. रात्रीचे कपडे बदलणे आणि धुणे तिच्या नवऱ्याकडे. काल वही परत आली तेव्हा मंगळवारच्या रकान्यात त्याने आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: ब्रेद मुरूम मी करीन, फक्त पाला निवडून द्या.