काशीचे घाट : कथेचे वय आणि दगडाचे वय

वाराणसीचे घाटदर्शन आज बहुधा पहाटे असी घाटावरून सुरू होते, आणि नाव प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जाऊ लागली की मल्लाह, म्हणजे नाव चालवणाऱ्या निषाद समाजातील नावाडी, प्रत्येक घाटाची कथा सांगत जातो. हरिश्चंद्र घाटावर सत्यवचनी राजाची डोंबाघरची चाकरी येते, तर दशाश्वमेधावर ब्रह्मदेवाचे दहा अश्वमेध येतात. या कथांनी यात्रेकरूच्या मनावर शतकानुशतके राज्य केले आहे आणि त्यांना खोटे पाडण्याचे काहीच कारण नाही. मात्र कथा जितकी पुरातन, तितकाच समोरचा दगडही पुरातन असा जो समज श्रोत्याच्या मनात सहज रुजतो, तो तपासून पाहण्याजोगा आहे. काशी ही नगरी अतिप्राचीन असली, तरी नावेतून दिसणारा तिचा दगडी काठ मोठ्या प्रमाणावर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतला आहे.

या काठाची जडणघडण आधी भूगोलाने ठरवली. गंगा येथे उत्तरवाहिनी होते आणि शहर वसले आहे ते पश्चिमेच्या उंच काठावर. त्या काठाच्या पोटात कंकर आहे. कंकर म्हणजे चुन्याचा अंश असलेल्या कठीण गाठींची जमीन, जी पाण्याच्या माऱ्याला दाद देत नाही. समोरचा पूर्वेकडचा काठ सखल, वाळूचा आणि पुरात बुडणारा असल्याने तो ओसाड राहिला, आणि म्हणूनच सूर्योदयाचे बिंब आडपडद्याविना थेट शहरावर येते. पावसाळ्यात नदी पायऱ्यांमागून पायऱ्या गिळत वर चढते. १९७८च्या महापुरात पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७३.९ मीटरपर्यंत पोहोचली होती. अशा नदीच्या कडेला घाट बांधायचा म्हणजे नुसत्या पायऱ्या घालून भागत नाही. उताराची माती धरून ठेवणारी भिंत, तिला आधार देणारे बुरूज आणि स्नानासाठी पुढे काढलेले चौथरे, ज्यांना तेथे मढी म्हणतात, हे सारे एकसंध उभारावे लागते. त्यासाठी लागणारा वालुकाश्म प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेल्या चुनारच्या खाणींतून नावांनी येई, आणि हे जलमार्गाचे सोयीचे दळणवळण नसते तर इतके दगडकाम परवडले असते की नाही, याची शंकाच आहे.

हा खर्च कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाला जवळचे आहे. काशीचा इतिहास लिहिणारे आणि तेथील हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले अनंत सदाशिव आळतेकर यांनी आधुनिक काशी ही मुख्यतः मराठ्यांची निर्मिती असल्याचे मत मांडले होते, आणि घाटांपुरते पाहिले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. दशाश्वमेध घाट १७४८च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतला आणि १७७४मध्ये अहिल्याबाई होळकरांनी तो वाढवला. दुर्गाघाटाचे काम पेशव्यांचे गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांकडे जाते. राजघाटाच्या नावाशी गल्लत होणारा, पण त्याहून वेगळा असा राजाघाट अमृतराव पेशव्यांच्या स्मृतीशी जोडलेला आहे. भोसले घाट नागपूरकरांचा, तर शिंदे घाट बायजाबाईंचा. विशेष हे की यांपैकी कोणाचीही सत्ता काशीवर कधी नव्हती. शहर अवधच्या नवाबाच्या अमलाखाली होते आणि १७७५मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. पेशव्यांना ते हवे होते, पण मिळाले नाही. जे राज्य हाती आले नाही, त्याच्या नदीकाठावर मराठ्यांनी पायऱ्या बांधल्या, आणि नावाड्याच्या तोंडी आजही त्यांची आडनावे आहेत.

या संबंधाची मुळे पेशवाईच्याही मागे जातात. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांचे पुत्र नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीत पुढाकार घेतला आणि ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. प्रयाग, काशी व गया येथे कोणता विधी कोठे व कसा करावा, याचे शास्त्रार्थासह विवेचन करणारा हा ग्रंथ म्हणजे एका अर्थी मार्गदर्शिकाच होय. शिवराज्याभिषेकासाठी १६७४मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट हे याच नारायणभट्टांचे पणतू. एकनाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ शके १४९५मध्ये काशीतच पूर्ण केला.

जुन्या यात्रेचा क्रम आजच्या सहलीहून निराळा होता. पंचतीर्थी यात्रेत यात्रेकरू असी येथे स्नान करून दशाश्वमेधाला जाई, तेथून थेट उत्तर टोकाच्या आदिकेशवापर्यंत, म्हणजे वरणेच्या संगमापर्यंत पोहोचे, आणि परतताना पंचगंगा करून मणिकर्णिकेवर यात्रा संपवी. आजची नाव सहसा मणिकर्णिकेच्या चितांचे दुरून दर्शन घडवून, फार तर पंचगंगेपर्यंत जाऊन मागे वळते, आणि संध्याकाळ दशाश्वमेधाच्या आरतीसाठी राखून ठेवते. ही भव्य, एकसारख्या वेशातील पुजाऱ्यांची आरती अनेकांना अनादी वाटते, पण तिचे आजचे स्वरूप १९९०च्या दशकातले आहे.

मणिकर्णिकेलगत शिंदे घाटाशी कललेले रत्नेश्वर मंदिर दिसते. मातेचे ऋण फिटले असे पुत्राने म्हणताच ते झुकले, ही येथली आवडती कथा. पण त्या काठावर १८३०च्या सुमारास बायजाबाईंनी उभारलेला घाटही स्वतःच्याच भाराने खचला होता, हे लक्षात घेतले की कंकराचा आधार सर्वत्र सारखा नसावा असेच म्हणावे लागते. मंदिराचा गाभारा वर्षातील बराच काळ पाण्याखाली असतो आणि पूर ओसरला की गाळाने भरलेला सापडतो.

नाव जेथून वळते, त्याच्या बरेच पुढे, १८८७मध्ये खुल्या झालेल्या रेल्वेपुलाच्या पलीकडे राजघाटचे पठार आहे. १९४० साली रेल्वेच्या कामात तेथे प्राचीन अवशेष हाती लागले, आणि पुढील उत्खननांत इसवीसनापूर्वी सुमारे आठव्या शतकापर्यंत मागे जाणारी वस्ती उघड झाली. काशीचे सर्वांत जुने थर तेथे मातीत आहेत, आदिकेशवाच्या शेजारी, आणि तिकडे सहलीची नाव क्वचितच जाते.