सोलर वॉटर हीटर किती लिटरचा? आधी बादल्या मोजा

सोलर वॉटर हीटर विकायचा धंदा करायचाय? मग "दहा खोल्या आहेत ना, बसवा पाचशे लिटरचा" असं अंदाजपंचे कोटेशन देऊ नका. शिर्डीच्या लॉजवर पहाटे काकड आरतीला निघालेल्या भाविकाला गार पाणी मिळालं, तर बोलणी मालकाला बसतात. मग तो तुमचं नाव आणखी चार मालकांना सांगतो, पण चांगल्या अर्थानं नाही. तीन गोष्टी मोजल्या तर ही वेळ येत नाही.

१) गरज
थंडीत साधं पाणी २० अंश, सोलरचं ६० अंश आणि अंघोळीचं ४० अंश धरा. म्हणजे निम्मं गरम, निम्मं गार. २० लिटरच्या बादलीला १० लिटर गरम पाणी लागतं. दहा खोल्या, प्रत्येकी तीन माणसं, तर ३० × १० = ३०० लिटर. शॉवर असेल तर अंघोळीला ४० लिटर सहज जातं, मग लागतात ६०० लिटर. खोल्या त्याच, सिस्टीम दुप्पट! माणसं मोजताना गुरुवारची गर्दी धरा, एरवीची नाही.

फ्लॅट प्लेट कलेक्टर असेल तर १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर लागतो. गच्चीवर सावली न पडणारी तेवढी जागा आहे का, ते आधी वर चढून बघा.

२) पाइप
पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ०.३ लिटर पाणी मावतं. नळ टाकीपासून ३० मीटर लांब असेल, तर गरम पाणी येण्याआधी ९ लिटर गार पाणी वाहून जातं. म्हणून टाकी बाथरूमच्या जवळ घ्या आणि पाइपला इन्सुलेशन करा.

३) बॅकअप
ढगाळ दिवशी ३०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. ३ किलोवॅटच्या हीटरला त्यासाठी जवळपास पावणेपाच तास लागतात. पहाटे चारला बटण दाबून पाचला पाणी तापत नाही. रात्री अकराला सुरू करायला मालकाला आधीच सांगून ठेवा.

हा हिशोब कोटेशनला जोडून द्या. उद्या कोणी स्वस्तातलं कोटेशन घेऊन आला, की मालकच त्याला विचारेल, "तुझा हिशोब कुठंय?"

या आठवड्यात एक लॉज किंवा हॉस्टेल निवडा, मोजमाप करा आणि आकडे कमेंटमध्ये टाका. तपासून देतो.