रहिवाशांची घरकथने आणि महापालिकेचे दप्तर

मागील घटकात आपण मुलाखतलेखनाचे सामान्य स्वरूप पाहिले. प्रस्तुत घटकात त्याच कौशल्याच्या एका विशेष उपयोजनाचा विचार करावयाचा आहे. शहरातील रहिवाशांकडून त्यांच्या घरांविषयीची कथने ऐकणे, ती लिहून काढणे आणि महापालिकेपुढे ठेवणे, असे या कामाचे स्वरूप असते. विकास आराखडा, पुनर्विकास, रस्तारुंदीकरण अशा निमित्ताने कधी महापालिका स्वतः, तर कधी एखादी संस्था हे काम हाती घेते आणि मराठी नीट लिहिणाऱ्या माणसाची तेथे गरज पडते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी वा घर सांभाळून शिकत आहात. भाड्याची खोली, पागडी, गळके छप्पर यांचा अनुभव तुम्हाला परका नसेल. या कामात तो उपयोगी पडतो, आणि कधी कधी आडही येतो. कारण समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच ते आपल्याला समजले, असे वाटू लागते.

नोंद आणि कथन

घराविषयी महापालिकेचे दप्तर ठरावीक गोष्टीच विचारते. जागा कोणाच्या मालकीची, क्षेत्रफळ किती, राहणारा केव्हापासून राहतो आणि त्याचा पुरावा काय. या प्रश्नांना कमी लेखू नये. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील शासकीय व महापालिकेच्या जमिनींवरील झोपड्यांची गणना झाली. मोजलेल्या झोपड्यांना क्रमांक आणि कुटुंबांना ओळखपत्रे मिळाली. पुढे जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पदपथांवरील रहिवाशांना हटविण्याची घोषणा झाली व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. जुलै १९८५ मधील निकालात, १९७६ च्या गणनेत नोंदल्या गेलेल्या झोपडीवासीयांना हटविण्यापूर्वी पर्यायी जागा दिली पाहिजे, असे म्हटले गेले. ज्यांची नोंद नव्हती त्यांना हा आधार मिळाला नाही. नऊ वर्षांपूर्वी दारावर रंगविलेला एक आकडा असा कामी आला.

त्याच निकालपत्रात मात्र रकान्यांत न मावणारा मजकूरही आढळतो. नगर जिल्ह्यातून आलेल्या एका याचिकाकर्त्याची हकिकत त्यात थोडक्यात आली आहे. गावी चांभारकामातून दिवसाला सात-आठ रुपये मिळत. घर म्हणून जे काही होते ते पडले. मुंबईत बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांचे काम लागले, आणि पदपथावर पथारी टाकण्याइतकी जागा मिळावी म्हणून वस्तीतल्या गुंडाला ३०० रुपये मोजावे लागले. बांबू आणि प्लॅस्टिकचा खर्च वेगळाच. पदपथ फुकट मिळतो, ही सर्वसाधारण समजूत या एका तपशिलाने मोडते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘गुंडाला दिलेली रक्कम’ असा रकाना नसतो; तो तपशील माणसाने सांगितला म्हणूनच कळला. कामाच्या जवळ राहता आले नाही तर पोट भरता येत नाही, हे अशा हकिकतींतून न्यायालयापुढे आले. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. तरीही पदपथ अडविण्याचा हक्क कोणाला नाही, असेही त्याने बजावले, आणि हटविण्याची कारवाई फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत लांबविली. कथनाने तत्त्व मिळाले, झोपडी वाचेलच असे नाही. कथन टिपणाऱ्याने ही मर्यादा सांगणाऱ्यापासून लपवू नये.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या हजारो कुटुंबांची माहिती घरोघर जाऊन घेतली. ‘वी, द इन्व्हिजिबल’ म्हणजे ‘आम्ही, न दिसणारे’, हे त्या अहवालाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे.

ऐकणे आणि लिहिणे

‘तुमच्या घराच्या समस्या कोणत्या?’ असा प्रश्न विचारलात, तर पाणी, संडास, वीज अशी यादी मिळेल. ती महापालिकेपाशी आधीच असते. ‘या घरात पहिल्या रात्री कोण कोण झोपले होते?’ असे विचारून पाहा. उत्तरात माणसे, वर्ष, जागेची लांबी-रुंदी, घरमालक, सारे आपोआप येते.

लेखनातली खरी कसोटी पुढे आहे. समजा, एक बाई सांगते : ‘पावसाळ्यात आम्ही दोघी बहिणी पाळीपाळीनं जागायचो. एकीनं ताडपत्री धरायची, दुसरीनं डब्यानं पाणी उपसायचं. सकाळी मी तशीच कामावर.’ आपल्या अंगवळणी पडलेली कार्यालयीन मराठी याचे असे करते : ‘पावसाळ्यात घरात पाणी शिरत असल्याने रहिवाशांची गैरसोय होते.’ वाक्य शुद्ध आहे, आणि त्यातून रात्र, बहीण व नोकरी ही तिन्ही नाहीशी झाली आहेत. म्हणून बोली जशीच्या तशी ठेवावी. प्रमाणभाषेतील सारांश हवाच असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात द्यावा. त्यासोबत गल्ली, चाळ वा वस्तीचा उल्लेख आणि मागणी नेमकी कोणत्या खात्याकडे आहे, हेही नोंदवावे. अन्यथा अधिकारी कथन आवडीने वाचील आणि बाजूला ठेवील.

एक वाक्य महाग पडू शकते

याच बाईने पुढे सहज सांगितले, ‘मध्ये दोन वर्षं आम्ही गावी होतो, खोली दिराला दिली होती.’ साहित्याच्या दृष्टीने हा कथनाचा जिवंत भाग आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या दृष्टीने धोक्याचा. मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि पात्र-अपात्र रहिवाशांची यादी ‘परिशिष्ट-दोन’मध्ये तयार होते. तुम्ही हौसेने टिपलेले वाक्य कोणी ‘अपात्र’ शेऱ्याच्या समर्थनार्थ दाखवले तर?

यावर खोटे लिहिणे हा उपाय नव्हे. लिहिलेले कथन सांगणाऱ्याला संपूर्ण वाचून दाखवावे, ते कोणाच्या टेबलावर जाणार हे स्पष्ट करावे, आणि कोणते वाक्य वगळायचे हे त्याला ठरवू द्यावे. वगळल्याची खूण तेवढी ठेवावी. नाव बदलले तरी गल्ली, व्यवसाय आणि मुलांची संख्या यांवरून माणूस ओळखू येतो, हेही ध्यानी असू द्यावे. वाचून दाखवताना बहुधा आणखी एक गोष्ट घडते. सांगणारा मध्येच थांबवून म्हणतो, ‘हे असं नाही, थांबा,’ आणि खरी हकिकत तेथून सुरू होते. वही मिटलेली असेल तर ती पुन्हा उघडावी.

सरावासाठी : आपल्या परिसरातील, कुटुंबाबाहेरच्या एका व्यक्तीचे घराविषयीचे कथन तिच्या संमतीने ऐका आणि तिच्याच बोलीत सुमारे ३०० शब्दांत लिहा. नंतर ते तिला वाचून दाखवा. तिने बदलायला वा वगळायला सांगितलेल्या जागा समासात ‘बदलले’ वा ‘वगळले’ एवढ्याच शब्दांत दर्शवा. वगळलेला मजकूर स्वाध्यायात लिहू नका.