तिथीची पाऊणपट

पोरांनो, किनाऱ्याच्या रस्त्याने लांबच्या प्रवासाला निघायचं तर आधी काय बघायचं? तुम्ही म्हणाल, मोबाइलवरचा नकाशा. तुमच्या आजीने आधी पंचांग काढलं. हरिहरेश्वरहून निघायचं आणि जमेल तितकं समुद्राच्या कडेकडेने मालवणपर्यंत उतरायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आजी म्हणाली, "अहो, माघ वद्य अष्टमीला हरिहरेश्वर गाठू. दुपारी बाराला ओहोटी मिळेल."

आता सांगा बरं, घरात बसून, इतके दिवस आधी, हिला ओहोटीची वेळ कशी कळली?

आजीचं माहेर खाडीकाठचं. तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा भरती, आणि दोन्हींच्या मधे दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. कोकणातले कोळी आणि तांडेल हा हिशेब पिढ्यानपिढ्या तोंडी करत आले आहेत.

पण पाऊणपटच का? ऐका. चंद्र समुद्राच्या पाण्याला ओढतो. चंद्राकडच्या बाजूला ही ओढ सर्वांत जास्त, म्हणून तिथे पाणी फुगतं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला ओढ सर्वांत कमी, म्हणून तिथलं पाणी मागे राहतं आणि तिथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तसा आपला किनारा एका दिवसात या दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून भरती दिवसातून दोनदा. आता गंमत बघा. पृथ्वीची एक फेरी होते तोवर चंद्रही आपल्या वाटेने पुढे सरकलेला असतो. त्याच्यासमोर पुन्हा यायला पृथ्वीला सुमारे 50 मिनिटं जास्त लागतात. तेवढी भरती रोज उशिरा येते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत 30 तिथी; तेवढ्यात हा उशीर 24 तासांचा होतो, ते तिथींमध्ये वाटले तर एका तिथीच्या वाट्याला 48 मिनिटं येतात. तोंडी हिशेब सोपा व्हावा म्हणून 48 ची 45 केली, म्हणजे पाऊण तास. थोडी चूक राहते, बंदराबंदराप्रमाणे फरकही पडतो, पण होडी पाण्यात लोटायला एवढं पुरतं.

तर अष्टमीला दुपारी आम्ही हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर होतो. डोंगराला वळसा घालणारी ही वाट समुद्राला इतकी लागून जाते की भरतीत ती पाण्याखाली असते. त्या दिवशी भांगाची भरती-ओहोटी होती. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. भांगाची असली तरी ओहोटीने आमच्यापुरती वाट मोकळी करून दिली होती.

तिथला कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा सह्याद्री ज्या थरांनी बनला, त्यांचंच हे समुद्रात उतरलेलं टोक. या कातळावर मधाच्या पोळ्यासारखे खळगे आहेत, शेकडो, एकमेकांना लागून. ते कोणी कोरले? आजीने एका खळग्यात बोट फिरवून मला चाखायला लावलं. खारट! उत्तर तिथेच होतं. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मिठाचा स्फटिक वाढताना जागा मागतो आणि शेजारच्या कणाला रेटतो. कण सुटतो, इवलासा खळगा होतो. खळग्यात सावली असते, ओल टिकते, मीठ अधिक साचतं, म्हणून तो आणखी खोल होत जातो. बेसाल्टसारखा कठीण कातळ फोडायला साधं मीठ पुरलं. त्याला फक्त वेळ हवा होता.

पुढे सावित्री नदीची बाणकोटची खाडी आली. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवली आणि वेश्वीला उतरवली. कोकणचा हा रस्ता सारखा असा तुटतो: दाभोळला वाशिष्ठी आडवी येते, जयगडला शास्त्री. का? सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पृथ्वीवर इतका बर्फ साठला होता की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. किनारा तेव्हा पश्चिमेला खूप दूर होता आणि या नद्या तिथवर वाहत जात. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. बुडालेल्या दऱ्या म्हणजेच आपल्या खाड्या. सावित्री नदी ओलांडताना आपण एका बुडालेल्या खोऱ्यावरून जात असतो, हे बोटीत आजीला सांगितलं, तर ती कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिली.

खाडीपलीकडे वेळास. आता नीट ऐका, कारण या प्रवासात मला सर्वांत मोलाचं जे वाटलं, ते इथे आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री किनाऱ्यावर येते. भरतीची रेषा ओलांडून वर कोरड्या वाळूपर्यंत सरपटते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांना ती कधीच भेटत नाही. रेषेच्या खाली अंडी घातली तर भरतीचं पाणी त्यांना गुदमरवील. वर घातली तर वाळूची ऊब मिळेल. ही ऊब नुसती अंडी उबवत नाही, पिल्लू नर होणार की मादी तेही ठरवते! वाळूचं तापमान साधारण 29-30 अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर नर जास्त, वर गेलं तर माद्या जास्त. जग तापत चाललं आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याही काळजीची आहे.

पूर्वी इथली अंडी माणसं उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. अंडी अलगद काढून कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की समुद्राजवळ सोडायची. 2006 पासून गावात कासव महोत्सव होतो, पाहुणे लोकांच्या घरी उतरतात, आणि ज्या गावात अंडी विकली जात, तिथेच आता त्यांचा पहारा होतो.

नवमीच्या सकाळी आम्ही दोरीमागे उभे होतो. टोपली उपडी केली. तळहाताहून लहान पिल्लं क्षणभर थबकली आणि पाण्याच्या दिशेने निघाली. त्यांना वाट कोण दाखवतं? समुद्रावरचं मोकळं, उजळ क्षितिज. म्हणूनच किनाऱ्यावर रात्री मोठे दिवे लावले तर पिल्लं समुद्राकडे पाठ करून दिव्यांकडे चालत सुटतात. हजारांतलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं मानतात. आजीने हात जोडले. मीही जोडले.

दाभोळची खाडी ओलांडून एकादशीला गुहागरला मुक्काम केला. या किनाऱ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका कासविणीच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच कासवीण जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं समजलं जात होतं. भारताच्या टोकाला वळसा घालून आलेल्या एका कासविणीने सगळ्यांना नव्याने विचार करायला लावलं.

द्वादशीला काय? बाराची पाऊणपट नऊ. म्हणून नवाच्या आधीच हेदवीच्या बामणघळीपाशी जाऊन उभे राहिलो. किनाऱ्याच्या कातळात ही एक अरुंद, लांब फट आहे. कातळात जिथे भेग असते, तिथे लाटा ती कोरत कोरत आत शिरतात. भरतीची लाट रुंद तोंडातून घुसते, पुढे जागा कमी होत जाते, पाणी आणि कोंडलेली हवा दोन्ही दाबली जातात, आणि दुसरी वाट नसल्यामुळे सगळं वर उसळतं. आवाज छातीत घुमतो. काठापासून लांब उभं राहायचं, हे मात्र कधी विसरायचं नाही. ओला कातळ निसरडा असतो.

मग गणपतीपुळे, आरे-वारेचा उंचावरून जाणारा सुंदर रस्ता, आणि त्रयोदशीला रत्नागिरी. इथे एकाच गावात दोन रंगांचे किनारे आहेत. मिऱ्याकडचा पांढरा समुद्र, मांडवीकडचा काळा समुद्र. पाणी एकच, वाळू वेगळी! काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, लोखंड आणि टायटॅनियमचं. कातळ झिजून ते नद्यांबरोबर समुद्रात आलं. साध्या वाळूच्या पावणेदोनपट ते जड. लाट परतताना हलके कण ओढून नेते, जड कण मागे ठेवते. दिवसातून दोन भरत्या, वर्षानुवर्षं, हेच पाखडणं चालू आहे. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा खूप असतो. तुमच्यासाठी दोन प्रयोग: लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काळ्या वाळूत फिरवा, लोहयुक्त खनिजांचे काही कण चिकटतील. शिंपल्याच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतील. ते कार्बन डायऑक्साइडचे.

चतुर्दशीला महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा. गर्दीतून दर्शन घेतलं आणि अमावास्येला मालवण गाठलं. उधाणाची भरती सिंधुदुर्गच्या तटावर आदळत होती. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या! हे कसं?

पावसाचं पाणी बेटाच्या जमिनीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ज्या जमिनीतून पाणी सहज झिरपतं, तिथे समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं, तर त्याच्या वजनाने खालचं खारं पाणी सुमारे 40 फूट मागे रेटलं जातं. खालचा तो सगळा साठा वरच्या फूटभर पाण्याने तोललेला असतो. आता उलटा हिशेब करा. पंप लावून वरची पातळी एक फूट उतरवली, तर खालून खारं पाणी 40 फूट वर चढायला बघतं. एकदा विहिरीत खार शिरला की तो हटवायला कितीतरी पावसाळे जावे लागतात.

आज किनाऱ्यावर घरं, हॉटेलं, बागा वाढताहेत. वाढू देत, लोकांना रोजगार मिळतो. पण किती पाणी उपसायचं आणि कुठला दिवा रात्री मालवायचा, हे किनाऱ्याकडूनच शिकून ठरवायला हवं. आजीच्या वडिलांनी भरतीचा हिशेब पाठ केला, कारण त्यावर घर चालत होतं. तुमच्या पिढीवर पाण्याचा आणि कासवांचा हिशेब आला आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी कोकणात घर बांधेल, त्याने पाया खणण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं: उधाणाचं पाणी कुठवर येतं, मे महिन्यात विहिरीला किती पाणी असतं, कासव कुठे चढतं. आणि उत्तर ऐकून मगच जागा ठरवावी.