ग्रानादातले ‘पाणी’

स्पेनच्या ग्रानादा शहरी आम्ही चौघे मित्र फिरत होतो. अलहम्ब्रा राजवाडा पाहून सायंकाळी साक्रोमोंतेच्या टेकडीवर चढलो. तेथील गुहाघरांत गितानो लोकांचे गाणे-नाचणे ऐन रंगात आले होते. वाटाड्याने त्यांच्या जुन्या कालो बोलीतले दोन शब्द सांगितले : पाण्याला ‘पान्यी’, मनुष्याला ‘मानुस’! कर्जतजवळच्या ठाकुरवाडीत वाढलेला आमचा सोबती चमकलाच. “अरे, हे तर आमच्या पाणवठ्यावरचे बोलणे!”

यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघाले. स्पेनमधली त्यांची पहिली नोंद १४२५ ची. १४९९ मध्ये हद्दपारीची धमकी आली, १७४९ मध्ये सरसकट धरपकड झाली. बोलीचे व्याकरण लोपले, शब्द तेवढे उरले.

वाचकहो, घरदार हिरावता येते. तहानेच्या वेळी ओठी येणारा शब्द कसा हिरावणार?